सव्वा टक्का

जुलै लागला की आमच्या जेवणाच्या टेबलावर जेवणाला जागा उरत नाही. नात्यातल्या आणि शेजारच्या पंधरा-वीस जणांची आयकराची विवरणपत्रं मी भरते. बँकेचे उतारे, विम्याच्या पावत्या, भाड्याच्या चिठ्ठ्या असं सगळं तीन आठवडे तिथंच पसरलेलं असतं. मागच्या वर्षी त्यात माझ्या भाचीच्या कागदांची भर पडली. मी तिला सांगून ठेवलं होतं, पैशांचा हिशेब तर आणच, पण फुकट काय काय मिळालं त्याचीही यादी आण. तिने यादी केली नव्हती. ती एक मोठी कापडी पिशवी घेऊन आली आणि अर्ध्या वस्तू टेबलावर काढून ठेवल्या. उरलेल्यांचे फोटो फोनमध्ये होते.

दोन कुर्ते, एक महेश्वरी साडी, तुपाच्या चार बरण्या, चेहऱ्याला लावायच्या सीरमच्या बाटल्या, मिक्सर. एका रिसॉर्टमधली दोघांची एक रात्र.

भाची इंस्टाग्रामवर आहे. लॉकडाऊनमध्ये तिने माझ्या आईच्या, म्हणजे तिच्या आजीच्या, स्वयंपाकाचे छोटे व्हिडिओ टाकायला सुरुवात केली. साटोऱ्या, सांज्याच्या पोळ्या आणि आमच्या इंदूरचा भुट्ट्याचा कीस. आई काही शिकवण्याच्या आविर्भावात बोलत नाही. ती कढईशी बोलावं तसं बोलते, आणि लोकांना तेच आवडलं. आज भाचीचे ४६ हजार फॉलोअर्स आहेत. देवास, उज्जैन, ग्वाल्हेर, पुणे, कुठून कुठून बायका तिला लिहितात. तिने एमएस्सी केलंय, सकाळी एका कोचिंग क्लासमध्ये शिकवते, आणि संध्याकाळी हे काम करते. हे कामच आहे. प्रकाश, आवाज, कापाकापी, शंभर लोकांना उत्तरं. मी ते जवळून पाहिलंय आणि तिच्या मेहनतीबद्दल माझ्या मनात तसूभरही शंका नाही.

आयकर कायद्यात १ जुलै २०२२ पासून १९४आर नावाचं कलम आलं. धंद्याच्या संबंधातून कुणाला वस्तू किंवा सवलत दिली आणि तिची वर्षाची किंमत २० हजारांवर गेली, तर देणाऱ्याने १० टक्के कर कापायचा. त्यासोबत जे परिपत्रक निघालं, त्यात सोशल मीडियावरच्या इन्फ्लुएन्सरचं उदाहरणच घेतलं आहे. कंपनीने गाडी, मोबाइल, कपडे, सौंदर्यप्रसाधनं दिली. वापरून परत केली तर लाभ नाही, ठेवून घेतली तर लाभ. इतकं स्वच्छ. मी भाचीला एकेक वस्तू दाखवून विचारत गेले, ‘परत केलीस?’ ती मान हलवायची आणि मी वहीत आकडा लिहायची.

माझी एक सवय आहे. नोंदीसमोर कारण लिहिल्याशिवाय मला चैन पडत नाही. म्हणून मी विचारू लागले की ही वस्तू कुठल्या व्हिडिओसाठी, आणि तो व्हिडिओ उघडून बघू लागले. डाव्या हाताला पावती, उजव्या हाताला फोन. महेश्वरी साडीच्या नोंदीसमोर भाची म्हणत होती, ‘बाजारात फिरता फिरता बघा मला काय सापडलं!’ साडी कुरिअरने आली होती, चिठ्ठी तिथंच पडली होती. तुपाच्या नोंदीसमोर सहा हजार रुपये आणि बरण्या होत्या, आणि व्हिडिओत ती म्हणत होती, ‘आमच्या घरात पहिल्यापासून हेच.’ आमच्या घरात पहिल्यापासून आई साय साठवते आणि दर दहा दिवसांनी तूप कढवते. बरण्या टेबलावर होत्या त्या अजून न उघडलेल्या.

मी काही बोलले नाही. वही पुढे भरत राहिले. तिच्या २६एएसमध्ये, म्हणजे आयकर खात्याच्या करनोंदीच्या उताऱ्यात, दोन कंपन्यांनी कापलेला कर दिसत होता, म्हणजे सरकारला माहीत होतं. कंपनीच्या खात्यात खर्च पडलेला, म्हणजे कंपनीला माहीत होतं. मधल्या एजन्सीने आपला हिस्सा कापून घेतलेला. बँकेला माहीत, मला माहीत. त्या व्यवहाराशी संबंधित प्रत्येकाकडे त्याची लेखी नोंद होती, आणि ज्या बाईने तो व्हिडिओ बघून तूप मागवलं तिच्याकडे मात्र नव्हती. सगळा व्यवहार जिच्यासाठी मांडला होता, तीच तेवढी वहीच्या बाहेर.

हे मनात आलं आणि मला बाबांची वही आठवली.

बाबा कापडाचे दलाल होते. महाराजा तुकोजीराव क्लॉथ मार्केट, ज्याला सगळे एमटी क्लॉथ मार्केट म्हणतात, तिथं त्यांची चाळीस वर्षं गेली. खरगोन, बडवानी, धारचे व्यापारी सकाळच्या बसने यायचे आणि बाबा त्यांना एका गादीवरून दुसऱ्या गादीवर घेऊन जायचे. पांढऱ्याशुभ्र गाद्या, लोड, भिंतीला लागून थान रचलेले, आणि कोऱ्या कापडाच्या खळीचा तो वास. सुट्टीत मीही त्यांच्यामागे जायची. बसल्या बसल्या, चहा यायच्या आत, बाबा व्यापाऱ्याला म्हणायचे, ‘ह्यांच्याकडून मला सव्वा टक्का आहे. तुमच्याकडून काही नाही. आता माल बघा.’

दर वेळी. ओळखीच्या माणसालाही, ज्याला ते वीसदा सांगून झालं होतं त्यालाही. मला तेव्हा फार लाज वाटायची. पैशांचं असं तोंडावर काय बोलायचं? एकदा परतताना मी त्यांना विचारलं. राजवाड्यासमोरून चालत होतो. बाबा म्हणाले, ‘पार्टीला आधी माहीत पाहिजे मी कुणाचं खातो. मग माझं किती ऐकायचं ते त्याचं तो ठरवेल.’

आणि गंमत अशी की एवढं सांगूनही लोक त्यांचं ऐकायचे. किंबहुना म्हणूनच ऐकायचे. कधी ते व्यापाऱ्याच्या कानाशी लागून म्हणत, ‘हा रंग दुसऱ्या धुण्यात जाईल, राहू दे,’ तेव्हा समोरच्याला कळायचं की हा माणूस स्वतःचा सव्वा टक्का सोडतोय. आधी सव्वा टक्का ठाऊक होता म्हणून त्या सोडण्याची किंमत कळायची. बाबा गेल्यावर त्यांच्या लाल कापडी बांधणीच्या वह्या मी जपून ठेवल्यात. प्रत्येक सौद्यापुढे दलाली लिहिलेली आहे आणि व्यापाऱ्याची सही आहे. ज्याने माल घेतला त्याची सही, ज्याने दलाली दिली त्याची तर आहेच. हल्ली ‘दलाल’ ही शिवी झालीय. मी अशा एका दलालाची मुलगी आहे आणि तो शब्द मी मान वर करून उच्चारते.

वहीची बारावी की तेरावी नोंद आली. गुडघेदुखीचं तेल. नऊ हजार रुपये, जानेवारी.

ह्या तेलाविषयी मला लिहायचंय, कारण बाकीचं मी कदाचित विसरले असते.

जानेवारीत भाची आमच्याकडे आली होती. थंडी कडाक्याची, आई शाल पांघरून उन्हात बसलेली. भाचीने पिशवीतून तेलाची बाटली काढली, आजीच्या पायाशी बसली आणि हळूहळू गुडघे चोळू लागली. मांडीवरून नेसण जराशी वर सारलेली, आईने डोळे मिटलेले. फोन कुंडीला टेकवून ठेवला होता. आईला वाटलं, नात आठवणीसाठी काहीतरी काढतेय. मलाही तसंच वाटलं. आई त्या रात्री मला म्हणाली, ‘पोरीचा हात फार मऊ आहे गं.’ ते वाक्य माझ्या कानात राहिलं होतं.

चार दिवसांनी रील आली. वरती लिहिलं होतं, ‘आजी आता जिना चढते!’

आई जिना चढत होती हे अगदी खरं. नोव्हेंबरपासून ती फिजिओथेरपीला जात होती. बावीस बैठका झाल्या होत्या. सकाळ-संध्याकाळ खुर्चीत बसून पाय सरळ करायचा, दहा मोजायचे, खाली ठेवायचा. मी समोर बसून मोजायची. तो सगळा व्यायाम त्या रीलमध्ये कुठंच नव्हता. जिना होता, आजी होती, तेल होतं. खोटं म्हणावं असं एकही वाक्य त्यात नव्हतं, आणि तरी पाहणाऱ्याच्या मनात जे उतरलं ते साफ खोटं होतं.

आमच्या लोकमान्य नगरात दोन घरं सोडून एक काकू राहतात. मराठी शाळेत शिकवायच्या, आता निवृत्त. एकट्या आहेत, मुलगा बंगळूरला. त्यांचेही गुडघे दुखतात. डॉक्टरांनी एक्स-रे काढायला सांगितला होता. त्यांनी रील पाहिली आणि ५९९ रुपयांची एक, अशा तीन बाटल्या मागवल्या, कारण तीन घेतल्या तर कोर्स पूर्ण होतो असं खाली लिहिलं होतं. आणि कोर्स पूर्ण होईपर्यंत एक्स-रे नको, असं त्यांनी स्वतःशी ठरवलं. जानेवारीचा मे झाला. त्या चार महिन्यांत सांध्याची झीज किती वाढली, वाढली की नाही, हे आता कुणी सांगू शकणार नाही. मला ते माहीत होतं, काकूंनीच सांगितलं होतं. मी समजत होते की भाचीला तेल खरंच चांगलं वाटलं असेल, कौतुकाने सांगितलं असेल. माणूस चुकतो. पण आता माझ्या वहीत त्या कौतुकासमोर नऊ हजारांचा आकडा होता.

आई स्वयंपाकघरात होती. तिला सांगायचं की नाही यावर मी दोन दिवस काढले. ब्याऐंशी वर्षांची बाई, नातीवर जीव. शेवटी सांगितलं, कारण गुडघा तिचा होता. न विचारता तो विकला गेला होता, आणि ते तिच्यापासून लपवायचं म्हणजे मीही त्याच रांगेत उभी राहणार होते.

ती चिडली नाही. बराच वेळ हातातला फडका घडी करत राहिली. मग म्हणाली, ‘म्हणजे ती चोळत होती ते त्यासाठी?’

याला मी काय उत्तर देणार. मी म्हटलं, ‘दोन्ही असेल, आई.’ आणि मला खरंच तसं वाटतं. पण एकदा पैसे लपवले की प्रेमाचीही शहानिशा करावी लागते, हे मी त्या दिवशी आईच्या चेहऱ्यावर पाहिलं. बाहेरची फसगत तरी मोजता येते. १,७९७ रुपये. ही कशात मोजायची?

संध्याकाळी आईने काठी घेतली आणि म्हणाली, ‘चल.’ दोन घरांचं अंतर, पण तिला दहा मिनिटं लागली. काकू दारातच होत्या. ‘अहो ताई, तुम्ही कशाला आलात चालून? मला बोलवायचं ना!’ आई ओट्यावर बसली, श्वास घेतला आणि सरळ मुद्द्यावर आली. ‘ते तेल मी दोनदाच लावलं. एकदा व्हिडिओ काढताना, आणि एकदा नात गेल्यावर, वास आवडला म्हणून. माझा गुडघा व्यायामाने सुधारला. आणि त्या व्हिडिओचे पोरीला पैसे मिळालेत. मला आज कळलं.’

काकू म्हणाल्या, ‘मी तर रोज लावून राहिले होते.’ मग थोड्या वेळाने, ‘ताई, टीव्हीवर आलं असतं ना, तर मी घेतलं नसतं. आपली पोर आहे, म्हणून घेतलं.’

मला वाटतं सगळा विषय काकूंच्या त्या वाक्यात आहे. जाहिरात ही काही नवी गोष्ट नाही आणि पाप तर मुळीच नाही. जाहिरात दिसली की आपण मनातल्या मनात वजा करतो, कुणी चार आणे, कुणी बारा आणे. हे वजा करणं आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. लपवलेली जाहिरात नेमकं हेच काढून घेते. पैसे दिले जातात ते तेलाच्या स्तुतीसाठी नाहीत. तसे असते तर एखाद्या नटाला घेतलं असतं. पैसे दिले जातात ते ‘आपली पोर’ या दोन शब्दांसाठी.

त्यात आम्ही इंदूरचे मराठी. होळकरांच्या काळापासून इथं आहोत, बाजारात हिंदी बोलतो, घरात मराठी. भाजीच्या ठेल्यापाशी कुणी मराठीत बोललं की मान आपोआप वळते. चार वाक्यांत ‘तुम्ही रामबागेतल्या का?’ पर्यंत ओळख पोचते. डॉक्टर कोण, केटरर कोण, मुलीला स्थळ कुठलं, सगळं एकमेकांना विचारून चालतं. सांगणाऱ्याचं नाव हीच हमी. ‘कुणी सांगितलं?’ हा आमच्याकडचा पहिला प्रश्न असतो. अशा गावात मराठी बोलणारी, नऊवारीतल्या आजीशेजारी बसलेली मुलगी जे सांगेल ते जाहिरातीच्या दाराने येतच नाही, ते घरच्या दाराने येतं.

आणि हे एजन्सीला पुरतं ठाऊक आहे. भाचीने मला त्यांनी पाठवलेली सूचनापत्रं दाखवली. मी ती दोनदा वाचली. घरातली ज्येष्ठ व्यक्ती दिसल्यास उत्तम. मराठी घराचं वातावरण असावं. ब्रँडचं नाव कॅप्शनच्या तिसऱ्या ओळीनंतर यावं. ‘जाहिरात’, ‘स्पॉन्सर्ड’ हे शब्द टाळावेत, अनुभव सहज वाटला पाहिजे. काही नकारात्मक वाटल्यास ते आधी आम्हाला कळवावं. हे कुणी चोरून फोनवर सांगितलेलं नाही, पीडीएफमध्ये क्रमांक घालून लिहिलेलं आहे.

तिसऱ्या ओळीनंतर! नियम काय आहे? जाहिरात क्षेत्राची स्वतःची नियामक संस्था आहे, आस्की. तिने २०२१ मध्ये इन्फ्लुएन्सरांसाठी मार्गदर्शक तत्त्वं आणली, ती १४ जून २०२१ पासून लागू आहेत. त्यात म्हटलंय की जाहिरात असल्याची खूण पहिल्या दोन ओळींत दिसली पाहिजे, वाचणाऱ्याला ‘आणखी पाहा’वर बोट ठेवावं लागता कामा नये. पंधरा सेकंदांपर्यंतच्या व्हिडिओवर ती किमान तीन सेकंद राहिली पाहिजे, त्याहून मोठ्या आणि दोन मिनिटांपर्यंतच्या व्हिडिओवर एकतृतीयांश वेळ. म्हणजे ज्याने ते सूचनापत्र लिहिलं त्याने नियम नीट वाचला होता आणि बरोबर त्या दोन ओळींच्या पलीकडे जाऊन बसला होता.

सरकारचंही आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ चा, त्याखाली २०२० मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण आलं, आणि २० जानेवारी २०२३ रोजी ग्राहक व्यवहार खात्याने प्रसिद्ध व्यक्ती आणि इन्फ्लुएन्सरांसाठी वेगळी सूचनावली काढली. पैसे मिळाले तरच सांगायचं असं नाही. फुकट वस्तू, सहल, हॉटेलातला मुक्काम, नातं, नोकरी, काहीही असलं तरी सांगायचं, आणि चुकणार नाही असं सांगायचं. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी १० लाखांपर्यंत दंड, पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत, आणि शिफारस करणाऱ्यावर एक वर्षाची, पुढे तीन वर्षांपर्यंत बंदी येऊ शकते. ऑगस्ट २०२३ मध्ये आरोग्याविषयी बोलणाऱ्यांसाठी आणखी कडक सूचना आल्या, कारण गुडघ्याचं तेल आणि ओठांची लाली यात फरक आहे. नियमांची उणीव नाही. पण ४६ हजारवाल्या मुलीच्या रीलपर्यंत कुणाची नजर पोचणार? देशात अशा किती मुली, किती रील.

आस्कीच्या नियमात एक गोष्ट मला खटकते. खूण इंग्रजीत किंवा जाहिरातीच्या भाषेत असली तरी चालते. बोलणं सगळं मराठीत, आणि कोपऱ्यात बारीक इंग्रजी अक्षरात ‘कोलॅब’. माझ्या आईला ते काय कळणार? काकूंना कळेल, पण चष्मा लावून शोधलं तर. ज्या भाषेत विश्वास मागितला त्याच भाषेत पैशांचंही सांगावं, असं मला ठामपणे वाटतं.

भाची रडली. मग भांडली. तिची बाजू मी लिहिणारच, कारण ती बाजू आहे. तिचं म्हणणं, ‘मावशी, सगळे करतात. मी एकटीने जाहिरात लिहिलं की लोक अंगठा वर सरकवतात, आकडे पडतात, पुढच्या वेळी एजन्सी दुसरीकडे जाते. कोचिंगवाले मला चौदा हजार देतात, त्यात काय होतं? आणि तो टीव्हीवरचा नट तरी तो साबण लावतो का?’ मी तिला म्हटलं, नाही लावत, आणि आपल्या सगळ्यांना ते माहीत असतं, म्हणून त्यात फसवणूक कमी. पण चौदा हजारांचं काय, याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. एजन्सीच्या सूचनेवर सही करताना ती एकटी असते आणि समोर पूर्ण कंपनी असते. नियम मोडल्याचं बोट मात्र तिच्याच चेहऱ्याकडे जातं, कारण चेहरा तिचाच दिसतो.

डिसेंबरात एकदा मी तिच्याबरोबर रात्री सराफ्यात गेले होते. दिवसा सोन्याचांदीची पेढी, रात्री त्याच ओट्यांसमोर खाण्याचे ठेले, हे इंदुरात वाढलेल्याला नवं नाही. लहानपणी बाबा आम्हाला गराडू, म्हणजे एक कंद, खायला न्यायचे. तळलेले तुकडे पुन्हा तळून, वर जिरावण नावाचा मसाला आणि लिंबू. त्या रात्री दर दहा पावलांवर कुणीतरी गोल दिवा धरून उभं होतं. तरुण मुलं घास तोंडात जायच्या आधीच डोळे मिटून ‘उफ्फ’ म्हणत होती. कुठला ठेला कोणाच्या हातचा, हे आम्ही माणसांना विचारून शिकलो होतो.

एका गराडूवाल्याशी मी बोलत उभी राहिले. भाचीच्या हातातला फोन पाहून त्याने आधीच विचारलं, ‘दीदी, कितना लगेगा?’ तिने काही नको म्हटल्यावर तो मोकळा झाला. म्हणाला, कुणी चार प्लेट आणि दोन हजार मागतं, कुणी पाच हजार. एकाने तर पैसे दिले नाहीत तर ‘तेल काळं आहे’ असा व्हिडिओ टाकेन म्हणून सांगितलं. ‘देना पड़ता है. बगल वाले के यहाँ लाइन लग गई थी.’ मग प्लेटमागे वीस रुपये वाढवले. तो बोलत होता आणि हात चालू होते, चिमटीतून जिरावण मोजून पडत होतं. शेवटी म्हणाला, ‘पहले लोग खाके बोलते थे, अब बोलके खाते हैं.’ भाची तिथून घरी येईपर्यंत गप्प होती. तरी पुढच्याच महिन्यात तेलाची रील आली. हे मी तिच्यावर राग म्हणून लिहीत नाही. माणसाला कळतं आणि तरी हप्ता भरायचा असतो.

माझ्या टेबलावर आणखी एक प्रकार येतो आणि तो याहून भयंकर आहे. विशी-बाविशीची मुलं शेअर बाजारातल्या फ्यूचर-ऑप्शनमधल्या तोट्याचे कागद घेऊन येतात. विचारलं तर प्रत्येकाने कुठल्यातरी ‘सरां’चे व्हिडिओ पाहिलेले असतात. शेअर टिप्सच्या सल्लागार कंपन्यांचं तर आमचं इंदूर एके काळी आगरच होतं, शेअर बाजाराची नियामक संस्था सेबी, तिने इथल्या किती कंपन्यांवर कारवाई केली त्याला सुमार नाही. सेबीचाच सप्टेंबर २०२४ चा अभ्यास सांगतो की २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत या बाजारात उतरलेल्या सामान्य गुंतवणूकदारांपैकी ९३ टक्के तोट्यात गेले. ‘सर’ शिकवतात, पण ज्या ब्रोकरकडे खातं उघडायची लिंक देतात त्याच्याकडून त्यांना काय मिळतं हे शिकवत नाहीत. ऑगस्ट २०२४ मध्ये सेबीने नोंदणीकृत दलालांना अशा बिगरनोंदणी ‘सरां’शी व्यवहार ठेवायला मनाई केली. तिथंही प्रश्न सव्वा टक्क्याचाच होता.

कधीकधी कुणी म्हणतं, पूर्वीही असंच होतं, तुम्हाला कळत नव्हतं एवढंच. काही प्रमाणात खरंही आहे. २००९ च्या निवडणुकांत पैसे घेऊन बातम्या छापल्याचं प्रकरण बाहेर आलं आणि प्रेस कौन्सिलला त्याची चौकशी करावी लागली, ते मला चांगलं आठवतं. पण दुसरंही आठवतं. बाबा बुधवारी रात्री रेडिओ सिलोन लावायचे. अमीन सयानींचा ‘बिनाका गीतमाला’ १९५२ पासून लागत होता आणि त्या कार्यक्रमाच्या नावातच टूथपेस्टचं नाव होतं. कार्यक्रम कोण चालवतं हे पहिल्या शब्दातच कळायचं. त्यामुळे सयानींच्या आवाजावरचं लोकांचं प्रेम कमी झालं का? आमच्या घरात तरी त्या वेळी कुणी मोठ्याने पाणीसुद्धा प्यायचं नाही.

भाची नंतर आठ-दहा दिवस आली नाही. फोनही नाही. तेलाच्या रीलचा करार सहा महिन्यांचा होता, तो जुलैतच संपला आणि तिने ती काढून टाकली, एवढं मला दिसलं. मग एका रविवारी दुपारी ती आली, आजीला भेटली. दोघी आतल्या खोलीत काय बोलल्या ते मी विचारलं नाही. बाहेर आली तेव्हा हातात पाकीट होतं. म्हणाली, ‘मावशी, माझ्याबरोबर चल.’

काकूंनी पाकीट उघडून नोटा मोजल्या. १,७९७ रुपये, सुट्यासकट. त्या उठल्या, कपाटातून तेलाच्या दोन सीलबंद बाटल्या आणून तिच्यापुढे ठेवल्या, आणि पाकिटातले ५९९ रुपये परत केले. ‘तिसरी मी वापरली आहे,’ म्हणाल्या. भाचीने खूप आग्रह केला, पण त्यांनी ते घेतले नाहीत. चाळीस वर्षं मुलांचे पेपर तपासलेल्या बाई. अर्ध्या गुणाचाही हिशेब त्यांनी कधी सोडला नसेल.

मला वाटलं झालं, आता चहा होईल. पण काकूंनी विचारलं, ‘आणि ते तूप?’

भाचीने मान खाली घातली. ‘त्याचेपण घेतले होते.’

‘आणि ती साडी? माझ्या सुनेला मी तीच पाठवली.’

काकूंनी चष्म्याची पेटी उघडली, पदराने काचा पुसल्या आणि सोफ्यावर आपल्या शेजारी जागा केली. म्हणाल्या, ‘ये इथं. पहिल्यापासून दाखव सगळे. आणि कुठल्याचे घेतले, कुठल्याचे नाही, ते सांगत जा.’

भाची त्यांच्या शेजारी बसली, फोन उघडला आणि सगळ्यात खालच्या रीलपर्यंत बोटाने सरकवत गेली. पहिली आईच्या साटोऱ्यांची होती.

‘याचे नाही,’ ती म्हणाली.